एक्केचाळीस पुस्तकांची परंपरा

कुलवृत्तांतासाठी आपल्या घराची चार पानं लिहून द्यायची, एवढंच श्रीपादरावांना करायचं होतं. तळेगावचे चिंतामणकाका तीन वर्षं साऱ्या घराण्याची माहिती गोळा करत होते. त्यांचं कार्ड आलं : "अक्षय तृतीयेला स्वतः येऊन मजकूर ऐकेन. पसंत पडला तर छापू. न पडल्यास तुमच्या घराची नुसती नावं छापू."

नुसती नावं! लोणावळ्याच्या पार्सल ऑफिसात बावीस वर्षं काढून तितकीच वर्षं नेमानं रोजनिशी लिहिणाऱ्या माणसाला (पाऊस किती इंच, मांजर किती वाजता परतलं) हे सोसण्यासारखं नव्हतं. त्यांनी लगेच पहिलं वाक्य लिहिलं, "आमच्या घरात वाचनाची परंपरा पूर्वापार आहे."

वाक्य झकास उतरलं. मग नजर कपाटाकडे गेली. वडिलांनी घेतलेली एक्केचाळीस पुस्तकं तिथं ओळीनं उभी होती आणि त्यांतलं एकही श्रीपादरावांनी वाचलेलं नव्हतं. खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. झकास वाक्य खोडणं तर मुळीच नव्हतं. तेव्हा आधी सगळी पुस्तकं वाचायची, असं ठरलं.

तक्ता आखला. दोन दिवसांत एक पुस्तक. (तक्त्यालाच चार दिवस लागले, लाल शाई मिळेना.) पहिलं पुस्तक उघडलं तर पानं कडेनं जोडलेलीच! त्या काळी नव्या पुस्तकाची पानं वाचणाऱ्यानं सुरीनं कापून घ्यायची असत. म्हणजे वडिलांनीही... श्रीपादरावांनी तो विचार तिथंच थांबवला.

अक्षय तृतीया उजाडली तेव्हा चार पानं कशीबशी लिहून झाली होती आणि पुस्तकं वाचून झाली होती दीड. काकांनी कपाटातलं एखादं पुस्तक उघडलं तर? पत्नी सरोजिनीबाई पुरणात गुंतल्या आहेत असं पाहून त्यांनी भाजी चिरायची सुरी उचलली आणि माजघरात बसून सपासप पानं कापायला सुरुवात केली.

भाजे गावाहून रोजचं दूध घेऊन आलेली बयाबाई दारातच थबकली.

"भाऊ, ह्ये काय चाललंय?"

"वाचन."

"सुरीनं?"

"तुला नाही कळायचं. दूध आत दे."

तेवढ्यात काका आले. श्रीपादरावांनी कपाट बंद केलं, कागदाच्या चिंध्या सतरंजीखाली सारल्या आणि स्वतः सतरंजीवर बसून मजकूर वाचला. काका पहिल्याच वाक्याला गहिवरले.

"वाचनाची परंपरा! शाबास. बघू तरी दादानं, तुझ्या वडिलांनी घेतलेली पुस्तकं."

त्यांनी एक पुस्तक काढून उघडलं. आतून घडी घातलेल्या कागदाचे दोन तुकडे खाली पडले. काकांनी चष्मा सावरला.

"ही तर नीरजाची पत्रिका. लग्नस्थान या हातात, आणि बाकीचे ग्रह त्या हातात!"

सरोजिनीबाई झारा घेऊनच बाहेर आल्या.

"अहो! पुस्तकांना सुरी कुणी लावली?"

"मी आपला वाचायला..."

"चौदा वर्षं मुलीची पत्रिका त्या जोडलेल्या पानांत सुखरूप होती! झुरळ नाही, वाळवी नाही, तुम्ही नाही! माझी माहेरची पत्रं, झबल्यांचे कागदी बेतसुद्धा त्यातच. आता कुठं ठेवू मी?"

काकांनी श्रीपादरावांकडे पाहिलं. "म्हणजे ही पानं कधी कापली?"

श्रीपादराव सतरंजीचं टोक कुरवाळू लागले. रिकामी चरवी घेऊन निघालेल्या बयाबाईला त्यांची दया आली.

"आबा, भाऊंस्नी बोलू नगा. सकाळधरनं लय राबल्यात. एवढी पुस्तकं एका दिसात कापायची म्हंजी काय खायचं काम हाय व्हय?"

काकांनी ती चार पानं पुढ्यात ओढली. मग त्यांनी टाक मागितला, 'वाचनाची' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'ग्रंथ जपून ठेवण्याची'. "आता खोटं काही राहिलं नाही. छापू," ते म्हणाले आणि पुरणपोळीकडे वळले.

दीड वर्षानं कुलवृत्तांताचा जाडजूड ग्रंथ टपालानं आला. श्रीपादराव ऑफिसातून आले आणि तयारीनं पाटावर बसले. हातपाय धुतलेले, कपाळी गंध, हातात सुरी. पान दोनशे तेरा. छापलेलं आपलं घराणं प्रथम आपणच उघडायचं होतं.

"अहो, त्या पानाला हात लावू नका!" सरोजिनीबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "नीरजाची नवी पत्रिका करून आणली, ती दुपारीच त्यात ठेवली आहे."

"एवढा आठशे पानांचा ग्रंथ, आणि नेमकी माझ्याच पानात?"

"मुद्दाम शोधून ठेवली. दुसरी पानं कुणीतरी वाचायला उघडायचं, हे कोण उघडतंय!"