हेराला आधी जेवू घाला

आमच्या कॉलनीत भटू आप्पांबरोबर हेरगिरीचा सिनेमा बघायला कुणी धजत नाही. पडद्यावर हेर पकडला, खुर्चीला बांधला, चौकशी सुरू झाली, की आप्पा ताडकन उभे राहतात आणि अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं ओरडतात, "आरे, पह्यले इचारा ना, जेवना का तो!" मग तणतणत बाहेर. एकाही सिनेमाचा शेवट त्यांनी पाहिलेला नाही.

बरं, हौस तर दांडगी! तरुणपणी फौजेत होते, लढाई पाहिलेली, त्यामुळे पडद्यावरच्या हेरांना नापास करायचा हक्क आपलाच, असं ठाम मत. "हाऊ काय हेर शे? काया कोट, काया चष्मा! खांडबाराना बाजारमा उतरू दे, कुत्रा मांगे लागतीन!"

दारात आलेल्या परक्याला मात्र कोण, कुठला विचारण्याआधी ताट. मीटर बघायला येणारा माणूस मला हात जोडून म्हणाला होता, "वहिनी, आप्पा घरात आहेत का हो? आत्ताच मी डबा खाल्लाय."

एकदा कॉलनीत एक अनोळखी गृहस्थ घरं न्याहाळत फिरताना सापडला. लोकांनी कॉलर धरली. चोरच, दुसरं कोण! आप्पांनी त्याला सोडवलं, ओट्यावर बसवलं, कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला. चार घास पोटात गेल्यावर गडी बोलला. शेजारच्या मुलीसाठी भाच्याचं स्थळ घालायचं होतं, म्हणून घराणं कसं आहे ते गुपचूप बघायला आला होता. आमच्याकडे ही रीतच आहे, रीतसर बघायला येण्याआधी कुणीतरी अशी चक्कर टाकून जातो. लग्न जमलं आणि पंगतीत आप्पांचा रुबाब काय विचारता, माय वं! "मार खाईसन बोलस तो खोटं बोलस. जेवीसन बोलस तो खरं," हे त्यांनी नवरदेवालाही ऐकवलं.

परवा असाच एक सिनेमा लागला. आप्पांची सून माहेरी, म्हणून दुपारच्या खेळाला त्यांना न्यायचं शेजारीण म्हणून माझ्या गळ्यात पडलं. मी आधीच बजावलं, "आज उठलात ना आप्पा, तर माझ्याशी गाठ आहे."

सिनेमा जुन्या लढाईचा. एका कोळ्याला हेर समजून पकडतात. चौकशी सुरू झाली तशी मी आप्पांचा सदरा घट्ट धरला. तेवढ्यात पडद्यावर पहाऱ्याचा साधा शिपाई पुढे झाला आणि म्हणाला, साहेब, हा हेर नाही, मला शिक्षा करायची तर करा.

आप्पा उठले नाहीत. सिनेमा संपला, दिवे लागले, माणसं निघून गेली, तरी बसूनच.

"तो बोलना," ते म्हणाले.

"कोण, आप्पा?"

"तो शिपाई. मी नही बोलनू."

मग त्यांनी सांगितलं. लढाईत त्यांच्या चौकीवर एक तरुण पकडून आणला. कमरेच्या फडक्यात तिखट-मीठ बांधलेलं. साहेब म्हणाले, पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत टाकायला आणलंय, हेर आहे.

"माले माहीत व्हतं, ते भाकरसंगे खावानं शे. मन्ही माय बी वावरमा जाताना तसंच बांधी ले. आख्खी चौकीमा मिरचीना मुलखना मी एकलाच. पन घाबरनू. त्याले गाडीमा बसाडीसन लई गयात."

"पुढे?"

"कोनी सांगं नही. मी इचारं बी नही."

फार वाईट वाटलं, त्या तरुणाचं आणि आप्पांचंही. मी म्हटलं, "चला, घरी जाऊ."

आप्पांनी रिकाम्या पडद्याकडे बोट केलं. "पुढला खेळनं तिकीट काढ, माय. तो बोलस ना, तेवढं माले आखो एकदाव पाहानं शे."