डॉ. हेनिगन यांचा तिसरा नकार

निर्णय घेणे ही माणसाने स्वतःला लावून घेतलेली सर्वांत घातक सवय आहे. एकाने निर्णय घेतला की चौघांना कामाला लागावं लागतं आणि पाचव्याला तक्रार करावी लागते. म्हणून प्रगत समाज निर्णय घेत नाहीत, त्यांचा अभ्यास करतात. आमच्या विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र निर्णयशास्त्र विभाग आहे, आणि त्या विभागाची मी गेली बावीस वर्षं सचिव आहे. (या काळात विभागाने घेतलेले निर्णय: अकरा. त्यांपैकी मागे घेतलेले: नऊ. उरलेल्या दोनांपैकी एक नव्या किटलीबद्दलचा असून त्यावर अपील चालू आहे.)

विभागाचं भूषण म्हणजे डॉ. कोलमन हेनिगन. मूळचे रॉसकॉमन परगण्याचे, स्ट्रोक्सटाउनजवळच्या एका खेड्यातले. तिथल्या स्वयंपाकघरांतूनच त्यांना आपला विषय सापडला. पीएच.डी.साठी ते नऊ वर्षांत चारशे बारा घरी गेले आणि पाहुण्याला चहा विचारल्यावर पाहुणा काय म्हणतो, ते कोपऱ्यात बसून टिपत राहिले. निष्कर्ष असे:

पहिला नकार सत्त्याण्णव टक्के खोटा असतो.
दुसरा नकार चौऱ्याऐंशी टक्के खोटा असतो.
तिसऱ्यांदा विचारल्यावर पाहुणा म्हणतो, "बरं, तुम्ही करतच आहात तर अर्धा कप." (अर्ध्या कपाचं सरासरी माप: सव्वा कप, सोबत केकचे दोन तुकडे.)

पहिलाच नकार खरा निघाला असे लोक फक्त बारा. त्यांतल्या नऊ जणांचा त्याच दिवशी दात काढलेला होता. दोघी सख्ख्या बहिणी होत्या आणि त्यांचं त्या घराशी कुंपणावरून १९७४ पासून वाकडं होतं. उरलेला एक डच पर्यटक होता.

या शोधाला जगभर 'हेनिगन गुणांक' म्हणतात. (जगभर म्हणजे तीन परिषदांत. त्यांपैकी एकीत वीज गेली होती.)

एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण राहणी साधी. दुपारी उपाहारगृहात हॅमचं सँडविच घ्यावं की अंड्याचं, यासाठी त्यांनी सात निकषांचा तक्ता केला होता आणि प्रत्येक निकषाला रोज नव्याने गुण देत. तक्ता पुरा होईपर्यंत हॅम संपलेलं असे. सतरा वर्षं ते अंड्याचं सँडविच खात आले. अंडं त्यांना सोसत नाही.

पुढे विद्यापीठाने त्यांच्याकडे अहवाल मागितला: कारभारात वेळ कुठे वाया जातो? हेनिगन यांनी मोजून दाखवलं, की नेमणुका, समित्या आणि सत्कार यांना आधी नाही म्हणून मग हो म्हणण्यात आमची माणसं वर्षाला सहा हजार दोनशे तास घालवतात. उपाय त्यांनी कलम चारमध्ये सुचवला. यापुढे प्रत्येक देकार संगणकावर यावा, खाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं असावीत, आणि जे आधी दाबलं जाईल ते अंतिम समजावं. "पडदा म्हणजे काही कुणाचं स्वयंपाकघर नव्हे," असं ते सभेत म्हणाले. टाळ्या पडल्या. आभाराचं भाषण करायला त्यांनी दोनदा नकार दिला आणि मग पाऊण तास बोलले.

कलम टंकलिखित मीच केलं, म्हणून त्याचं पोटकलम मला पाठ आहे. चुकून 'नाही' दाबलं गेलं, तर संबंधिताच्या संमतीने त्याच्या कार्यालयाने सात कामकाजाच्या दिवसांत अधिष्ठात्यांना फोन करावा. फोन आला नाही तर यादीतल्या पुढच्या नावाला विचारावं.

मार्चमध्ये जुने प्राध्यापक निवृत्त झाले आणि निर्णयशास्त्राचं अध्यासन रिकामं झालं. एकोणीस वर्षं हेनिगन या जागेकडे बघत होते. निवड समितीने एकमताने त्यांचं नाव यादीत पहिलं घातलं. अधिष्ठाता मॅलकी प्रंटी यांनी जिन्यातच मला डोळा घालून सांगितलं, "असम्प्टा, तुझ्या माणसाचं झालं एकदाचं."

देकार आला तेव्हा मी टपाल घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. पडद्यावर विचारलं होतं: आपण हे पद स्वीकारता का? हेनिगन यांचे कान लाल झाले. त्यांच्यात आनंद तिथे दिसतो. मग त्यांनी टाय सरळ केला आणि 'नाही' दाबलं.

आपला निर्णय नोंदवला आहे, असं पडदा म्हणाला. आपला दिवस शुभ जावो.

"कोलमन, हे काय केलंत?"

"अहो असम्प्टा, एकदम हो कसं म्हणायचं? गावात म्हणतील, हेनिगनच्या पोराच्या डोक्यात हवा गेली. विचारतील की परत."

"कोण विचारणार? कलम चार."

त्यांनी टाय पुन्हा सरळ केला. "ते कलम," ते म्हणाले, "मी सर्वसाधारण लोकांसाठी लिहिलं होतं."

त्यांच्या आईचा रोज अकराला फोन येतो. नोरीनबाई मोठ्याने बोलतात, त्यामुळे तो आम्ही दोघंही ऐकतो.

"विचारलं का रे परत?"

"नाही गं आई."

"तू नाही कसं म्हणालास? हळू म्हणालास ना? मान खाली घालून?"

"बटण दाबलं."

"बटणाला कसं कळणार रे तुझं मन? चारशे घरचा चहा पिऊन हेच शिकलास? मी पाद्रीबाबांना सांगून बसले. त्यांनी दोनदा अभिनंदन केलं, आणि मी दोनदा म्हटलं, छे, त्यात काय मोठंसं."

आता सगळी भिस्त कलमातल्या, अधिष्ठात्यांना करायच्या फोनवर होती, आणि तो करायचा होता मला. हिशेबाच्या पारदर्शकतेसाठी इथे एक बाब नोंदवते. आमच्या खोलीतला रेडिएटर २००९ पासून थंड आहे. अध्यासनाच्या प्राध्यापकांना वरची खोली मिळते, सचिवही सोबत जाते, आणि तिथला रेडिएटर चालतो. याबद्दल मी हेनिगन यांचं मत जानेवारीतच विचारलं होतं. ते म्हणाले होते, "पद मिळालं तरी इथेच बसू. उगाच मोठेपणा कशाला?" यादीत दुसरं नाव होतं डॉ. आनेके व्हर्बेक. त्या डच आहेत. (त्या पर्यटकाच्या नात्यातल्या नाहीत. मी विचारलं.)

तरीही मी कर्तव्यात कसूर केली नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "कोलमन, प्रंटींना फोन करू का?"

"अहो नको, कशाला त्यांना त्रास."

पाचव्या दिवशी पुन्हा विचारलं, "लावू का फोन?"

"नको नको, राहू दे. बरं नाही दिसत."

गुणांक मलाही ठाऊक होता. एक प्रश्न शिल्लक होता.

सातव्या दिवशी चार वाजता ते दारात येऊन उभे राहिले. सुटाबुटात होते. आधी खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्या टेबलावरच्या फोनकडे, मग माझ्याकडे. कान लाल. इतक्या आशेने कुणी माझ्याकडे लग्नाच्या दिवशीही बघितलं नव्हतं. मी हातमोजे काढले आणि उठून किटली लावली.

"चहा घेणार?"

"अहो नको, कशाला."

"घ्या की."

"नको, खरंच नको."

"घ्या हो, पाणी उकळलंच आहे."

"बरं," ते म्हणाले, "तुम्ही करतच आहात तर अर्धा कप."

सव्वा कप प्यायले. केकचे दोन तुकडे खाल्ले. कप खाली ठेवून आणखी थोडे थांबले. पाच वाजता मी फोनवर धूळ बसू नये म्हणून फडकं टाकलं आणि दिवा मालवला.

डॉ. व्हर्बेक यांनी सोमवारी चार सेकंदांत 'हो' दाबलं. मंगळवारी त्या आणि मी वरच्या खोलीत गेलो. हेनिगन यांनी उन्हाळ्यात 'न विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाचे मूल्य' हा निबंध लिहिला आणि तो त्यांचा सर्वोत्तम मानला जातो. तळटीपेत माझे आभार आहेत, चहाबद्दल.

आता वाचकांना माझा राग येणं स्वाभाविक आहे. एकदा विचारायला हिचं काय जात होतं, असं वाटत असेल. पण तुम्हीही कधीतरी कशाला तरी 'नको' म्हणून दाराकडे बघत बसला असाल. एखादी नोकरी असेल, एखादा माणूस, निदान खिरीची दुसरी वाटी. परत कुणी विचारलं नाही, आणि समोरच्याला माझं मन कळलंच नाही, असं तुम्ही आजवर घरी सांगत आलात.

त्याला कळलं होतं. त्याची खोली आता चांगली उबदार आहे.