बिरू अण्णा आणि तळ्यातला एडका

आमच्या शेजारचे बिरू अण्णा रोज सकाळी, मी लॅपटॉप उघडला की आमच्या गच्चीवर चढायचे आणि इंटरनेटच्या डब्यावर जर्मनचं पातेलं पालथं घालायचे. खाली हैदराबादच्या ऑफिसबरोबर माझी मीटिंग चालू असायची. पातेलं पडलं की पडद्यावर माझा चेहरा अर्धवट तोंड उघडून गोठायचा. मला चारचौघांत बोलायला तसंही नको वाटतं. त्यामुळे पहिले काही दिवस मी काहीच बोलले नाही.

आईनं मात्र विचारलं, "अण्णा, कामून झाकायलाव ते?"

"वाईच येळ झाकतो, वैनी. ह्याचं वरडणं लई वाढलंय. वरच्यांचं ऐकूच येईना."

वरचे म्हणजे उपग्रह. अण्णांचं म्हणणं असं की उपग्रह बिचारे लांबून, हळू आवाजात, सभ्य माणसासारखं बोलतात. आणि हे वायरलेस ब्रॉडबँडवाले भर गल्लीत भोंगा लावून बोंबलतात. मग जीपीएस बावचळणार नाही तर काय होणार?

मी मनात हसले आणि गुपचूप नेटवर शोधलं. माणूस निम्मा बरोबर निघाला. उपग्रहाचे संकेत जमिनीवर पोचेपर्यंत खरंच फार क्षीण होतात, आणि शेजारच्या लहरींवर कुणी जोरात प्रक्षेपण केलं तर ते बुडून जातात. हे मी त्यांना सांगितलं, ही चूक झाली. तेव्हापासून अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ओळख करून देऊ लागले, "ही आमची पोरगी. इंग्लिश मीडियमची हाय. तिनं कबूल केलंय."

मूळचे ते कमठाण्याचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी लागली तेव्हा त्यांनी आपल्या वाटणीची मेंढरं विकली आणि बीदरला आमच्या गल्लीत प्लॉट घेतला. त्यांचे थोरले भाऊ मल्लू दादा अजून कळपामागे चालतात. मेंढरं विकलेलं त्यांना आवडलं नाही. ते भांडले नाहीत, फक्त फोन उचलायचे बंद झाले.

मग अण्णांनी एक युक्ती केली. मेंढरं चोरीला जातात असं निमित्त सांगून पुतण्याबरोबर जीपीएसचा पट्टा पाठवला. दादांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. कळपाच्या पुढे चालणाऱ्या एडक्याच्या गळ्यात, घंटेशेजारी, तो पट्टा बांधून टाकला. तेव्हापासून अण्णा ओट्यावर बसून फोनवरचा निळा ठिपका बघत असतात. आमच्या गल्लीतून कमठाण्याला बसनं जायला अर्धा तास पुरतो. पण अर्ध्या तासावरच्या भावाची खुशाली अण्णा अंतराळातून मागवत होते.

तोंडानं मात्र "दादा" कधी म्हणायचे नाहीत. नाव एडक्याचंच.

"एडका आज उशिरा निघालाय. जेवला न्हाई वाटतं."

"एडक्याला रात्री थंडी वाजली आसंल. मफलर हाय का न्हाई कुणास ठाऊक."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ठिपका उड्या मारू लागला. एडका शाळेच्या पत्र्यावर दिसायचा, तिथून तळ्यात. एकदा तर अण्णांनी चहाचा घोट घेईपर्यंत तो महाराष्ट्रात जाऊन परतही आला. आमच्या गच्चीवर डबा नुकताच बसला होता, म्हणून आळ त्याच्यावर आला.

पातेल्यानं भागेना तेव्हा अण्णांनी कंपनीला फोन लावला. त्यांच्या खास दखनीत म्हणाले, "तुमारा डब्बा चिल्लारा, साब. ऊपरवालों की आवाज नै आरी."

कंपनीकडे तक्रारींचे तीनच प्रकार होते: नेट बंद आहे, नेट हळू आहे, बिल चुकलंय. अण्णांची तक्रार ह्यातल्या कशातच बसेना. शेवटी एका भल्या मुलीनं "नेट प्रमाणाबाहेर जोरात आहे" अशी नोंद करून घेतली. दुसऱ्याच दिवशी कंपनीनं आमच्या नेटचा वेग कमी केला. इतकी तत्पर सेवा मी आजवर पाहिली नव्हती. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. ठिपका उड्या मारतच राहिला.

शेवटी मी धीर करून म्हटलं, "अण्णा, यंत्र एडक्याच्या गळ्यात आहे. ओरडणारा कुणी असला तर तिथं, त्याच्याजवळ असणार. आमच्या गच्चीवर नाही."

अण्णांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे टावर तिथं हाय!"

कमठाण्याच्या बसच्या कंडक्टरनं दुजोरा दिला. दादांनी खतासाठी ज्या शेतात मेंढरं बसवली होती, त्याच्या बांधालाच नवा टॉवर झाला होता. अण्णा खूश झाले, पातेलं घरी गेलं.

आणि मग एका सकाळी ठिपका तळ्याच्या मधोमध जाऊन थांबला. दिवसभर हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अण्णांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"टावरच आसंल की गं, पोरी?"

टॉवरबद्दल ते पहिल्यांदाच विचारत होते. एरवी सांगायचे. दादांना फोन लावला, नेहमीसारखा वाजून वाजून बंद झाला.

"तुझी स्कूटी हाय न्हवं? चल, टावर तपासून येऊ."

मी सुट्टी टाकली. कमठाण्यापर्यंत अण्णा मागे बसून फोनवरचा ठिपकाच बघत होते.

टॉवर होता. त्याच्याखाली जाळीच्या वाड्यात मेंढरं होती. एडका पट्ट्यासकट कोरडाठाक उभा राहून पाला खात होता. मल्लू दादा बाभळीखाली घोंगड्यावर बसले होते, एक पाय लांब करून. गुडघा सुजलेला, त्यावर एरंडाची पानं बांधलेली.

"कामून आलास?" दादांनी विचारलं.

"टावर बघायला."

"बघ मग."

अण्णा टॉवरकडे पाठ करून उभे होते. "कवापासनं हाय हे?"

"परवा घसरलो. आता हितंच पाला टाकायलोय त्यास्नी."

"सांगायचं न्हाई व्हय?"

"एडक्याला सांगितलंतं की. त्यानं कळवलं न्हाई का तुला?"

अण्णांनी चपला काढल्या, इस्त्रीची पँट दुमडून पोटऱ्यांवर घेतली, दादांची काठी उचलली आणि वाड्याची जाळी बाजूला केली. जिभेनं कसलासा आवाज काढला. मेंढरं जरा घुटमळली. मग एडका हलला आणि मागोमाग सगळा कळप हलला.

मी दादांच्या शेजारी टेकले. अनोळखी माणसाला मी सहसा काही विचारत नाही, पण तेव्हा विचारलं, "दादा, तुम्ही फोन का उचलत नाही?"

ते कळपाकडेच बघत होते. "उचलला आस्ता तर फोनवरच बोलून मोकळा झाला आस्ता. आला आस्ता व्हय?"

मग अचानक ताठ होऊन ओरडले, "बिऱ्या, काटं हायती तिकडं! चपला घाल!"

अण्णा बरेच लांब गेले होते. वळले नाहीत.

दादांनी घोंगड्याशेजारच्या चपला माझ्याकडे सरकवल्या. "जा, पोरी. दिऊन ये."