बिनसिमेंटचा जावई

सासऱ्यांना माझ्या डॉक्टरकडं सोबत न्यायचं, ही कल्पना माझीच. (बायको म्हणते, माझ्या कल्पनांचाच आधी एक्स-रे काढायला पाहिजे.)

पाच वर्षांपूर्वी लातुरात माझा डावा खुबा बदलला. सिरॅमिकचा, आणि बिनसिमेंटचा. डॉक्टर म्हणाले होते, हाडच वाढून त्याला धरतं. आमच्या सासऱ्यांना, शेषेरावमामांना, हे काही पटलं नाही. किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेली दगडी घरं त्यांनी डोळ्यांदेखत पडताना पाहिली. तेव्हापासून ते कोंबड्यांचं खुराडंसुद्धा सिमेंटात बांधतात. "जावईबापू, हलू नका. तुमच्यात सिमेंट न्हाई," हे त्यांचं पालुपद.

मी कशाला हलतोय? सासुरवाडीत मला खुर्ची, हातात पाणी, टेबलावर ताट. नांदेडच्या ऑफिसात मी कारकून, किल्लारीत मात्र नवाब.

यंदा मामांनी गोठ्यावर स्लॅब टाकायचं काढलं आणि माणसं मिळेनात. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळायला लागल्या. म्हटलं, आदल्या दिवशीच तपासणीला जाऊ, आणि 'जपा' हे मामांना डॉक्टरच्याच तोंडून ऐकवू. बायकोही, म्हणजे सिंधू, आपणहून निघाली. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "फर्स्ट क्लास. हाडानं असं धरलंय, की आता काढू म्हटलं तरी निघायचं नाही."

"सिमेंट न टाकता?" मामांनी विचारलं.

"न टाकता."

मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. "पाच वर्षं जीव टांगणीला होता, डॉक्टरसाब."

मलाही भरून आलं. तेवढ्यात सिंधूनं विचारलं, "घमेलं उचललं तर चालतं का हो?"

"उकिडवं बसू नका, पळू नका. बाकी खुशाल करा."

"पण सिरॅमिक नाजूक असतं ना?" मी आवाज बारीक करून पाहिला.

"तुम्ही मोडाल, ते मोडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी रांगेत. घमेलं यायचं, मी पुढं द्यायचो. मामा वर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "आमचे जावई हायत. बिनसिमेंटचे, पर लई पक्के."

संध्याकाळी खाटेवर आडवा झालो. मान, खांदे, कंबर, मनगटं, उजवा गुडघा, सगळं ठणकत होतं. ठणठणीत होता तो एकटा डावा खुबा.

मामा उशाशी बसले. कपाळावर हात ठेवून काळजीनं म्हणाले, "सिंधू, डॉक्टरला फोन लाव. म्हणावं, बाकीचा जावईबी त्याच मालाचा करून मिळंल का?"