सावंतांची चिनी अक्षरं

कंपनीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी सावंतांनी औषधासाठी नव्हे, अक्षरासाठी वाचली. अंगात ताप, तरी चिठ्ठी उजेडाकडे धरून ते डॉक्टरांच्याच तोंडावर म्हणाले, "वसंतातली गांडुळां, शरदातले साप!" ताप डोक्यात गेला असं समजून डॉक्टरांनी आणखी दोन गोळ्या वाढवल्या.

हे आमचे सावंत. मूळचे कुडाळचे, ओमानात खाबुऱ्याला नव्या रस्त्याच्या कामावर ड्राफ्ट्समन, आणि कॅम्पात माझ्या शेजारच्या खाटेचे मालक. त्याच कामावर सर्व्हेला लिन नावाचे चिनी साहेब होते. शुक्रवारी सुट्टीला ते शाई आणि कुंचला घेऊन अक्षरं काढत बसत. सावंत एकदा सहज बघायला गेले आणि तिथेच अडकले.

अक्षरं काढण्याआधी अक्षरांना नावं ठेवणं त्यांना आलं. चिनी लोकांत म्हणे त्यासाठी ठरलेले वाक्प्रचार असतात. गिचमिड अक्षर म्हणजे ती गांडुळं आणि साप. ठसठशीत असेल तर "लोखंडाची रेघ, चांदीचो गळ!" जोरकस असेल तर शाई थेट लाकडात घुसते. आणि झोकदार असेल तर ड्रॅगन उडतो, फिनिक्स नाचतो. फिनिक्स सावंतांनी कधी पाहिला नव्हता, म्हणून त्यांनी त्याच्या जागी मोर नाचवला. खाबुऱ्याच्या बाजारात खजूरवाल्याची अरबी पाटी बघून ते भर रस्त्यात ओरडले, "ड्रॅगन उडालो, मोर नाचलो!" मी मोडक्यातोडक्या अरबीत अर्थ सांगितला, तर अर्बाब, म्हणजे दुकानाचा मालक, इतका खूश झाला की मूठभर खजूर वर घातले.

माझ्या सहीच्या वाट्याला मात्र कायम गांडुळं. "परेरा, तुमच्या वसईत शाळा नाय काय रे?"

स्वतः सावंत संध्याकाळी खोलीबाहेरच्या फरशीवर पाण्याने सराव करत. कागद वाया घालवायचा नाही, ही लिनसाहेबांची शिस्त. उन्हाळ्यात चौथी रेघ ओढेपर्यंत पहिली सुकून जाई. "बरा आसा," सावंत समाधानाने म्हणत, "चूक रवत नाय."

पण लिनसाहेबांकडून त्यांना कधी एक शाबासकी मिळाली नाही. साहेब बघत, मान हलवत आणि आखातात शिकलेल्या हिंदीत म्हणत, "फिर से." त्यांच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकायला सावंतांचा जीव टांगणीला लागला होता. त्यात काम संपलं आणि साहेब चीनला परत निघाले.

शेवटच्या शुक्रवारी मेसमध्ये सगळ्यांसमोर सावंत खऱ्या कागदावर लिहायला बसले. अक्षर निवडलं होतं 'शांती'. चिनीत छपराखाली बाई काढली की शांती होते. आधी छप्पर, मग बाई, असा नियम. फरशीवर त्यांनी ते उन्हाळाभर बरोबर काढलं होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी आधी बाई काढली. आपण नाही का, आधी अक्षर काढतो आणि वरची रेघ मागून देतो, तसंच. मग छपराला जागाच उरली नाही. ते बिचारं बाईच्या डोक्यावर कसंबसं टेकलं.

"पहले छत, सावंत! पहले छत!" लिनसाहेबांनी कपाळाला हात लावला.

मला वाटलं, आता सावंत एखादा वाक्प्रचार फेकणार. त्यांनी कुंचला खाली ठेवला.

"साब, अपने में ऊपर का लाइन बाद में देता है. हाथ को वोही आदत." मग कागदाकडेच बघत म्हणाले, "और मेरा भी ऐसाच हुआ ना. शादी पहले किया. वाइफ गाव में है. इधर फॅमिली रखने का घर अभी तक हुआ नहीं."

इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी झोपत होतो. हा माणूस मजेत आहे, असंच मी धरून चाललो होतो. मला फार वाईट वाटलं.

सावंत कागद चुरगळायला गेले, तर लिनसाहेबांनी त्यांचं मनगट धरलं. शाई वाळेपर्यंत ते फुंकर घालत बसले. मग कागदाची गुंडाळी करून त्यांनी ती नकाशांच्या नळकांड्यात सरकवली.

"घर में लगाएगा," ते म्हणाले. "मेरा वाइफ पूछेगा, किसने लिखा. बोलेगा, मेरा स्टुडंट ने."

जगातल्या कुठल्याही अक्षराला शब्द असलेले सावंत कुंचला धुवायला उठले.