अण्णांचं गाळलेलं कलम

किसनअण्णांच्या चपला पिशवीत असतात. पायात कधीच नाही. राजूरच्या बाजाराला जाताना डांबर तापलेलं असो की वाटेवर काटे असोत, हा माणूस अनवाणी चालतो आणि खांद्याच्या पिशवीत बघाल तर चपलांचा कोरा जोड. सून बिचारी हौसेने आणते, घातल्याशिवाय घराबाहेर सोडत नाही. अण्णा कोपऱ्यावर वळले की काढतात. कुणी म्हणतं नवस आहे, कुणी म्हणतं चिक्कूपणा. ओढ्यावर पूल होऊनही बरीच वर्षं झाली, पण अण्णा पुलावरून येत नाहीत, खालून पाण्यातूनच येतात. मी कधी विचारलं नाही. पाय त्यांचे, काटे त्यांचे.

अण्णा आमचे जुने पोस्टमन. गाव ओढ्याच्या पलीकडे, आमची वस्ती अलीकडे. नोकरी संपली तरी टपाल काही सुटलं नाही. आता पत्रं कोण लिहितो? म्हणून त्यांनी कायदा धरला. इंग्रजांच्या वेळचा टपालाचा कायदा सरकारने मोडीत काढला आणि नवा आणला, हे आमच्याकडे माहीत असलेला हा एकच माणूस. शेजारची म्हैस व्यायली हे कळायच्या आधी आम्हाला दिल्लीतलं कलम कळायचं.

"वैनी, जुन्या कायद्यात पत्र दाबून ठेवनाऱ्या पोस्टमनला तुरुंग हुता. नव्यात न्हाई!"

"मग पेढे वाटा."

"पेढे? मुद्दाम उशीर केला तर जबाबदार धरू म्हनत्यात. पन धरून करायचं काय, ते लिवलंच न्हाई!"

ते कलम परत घाला, असा अर्ज अण्णांनी दिल्लीसाठी लिहिला आणि सह्या गोळा करायला दारोदार निघाले. जन्म पोस्टात काढलेला माणूस पोस्टमनसाठी तुरुंग मागत फिरतो, हे मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही. बरं, पहिलं दार धरलं ते कुणाचं? आताच्या पोस्टमनचं. त्याची बायको सुमन कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी राहिली.

"माज्या नवऱ्याला जेलात घालायला माजीच सही व्हय, अण्णा?"

"पत्र दाबलं तरच जाईल की, पोरी."

"आन तुमी? तुमी कधीच न्हाई दाबलं?"

अण्णा तसेच पायऱ्या उतरले. ग्रामसभेत त्यांनी तोच विषय काढला, तर सरपंच म्हणाले, "आधी नळाला पानी येऊ द्या अण्णा, मग दिल्लीचं बघू." सगळे हसले. मीही हसले.

मग एका पावसाळी दुपारी अण्णा माझ्याकडे आले. अर्जावर एकच सही, त्यांची स्वतःची. मी चहा ठेवला.

"वैनी, तुमची सही पायजे. बाकी कुनाची नसली तरी चालंल."

"माज्याच सहीवाचनं काय एवढं अडलंय?"

अण्णांनी बशीकडे बघत सांगितलं, "हापिसातनं नवे बूट मिळाल्ते. नाडीचे. तवा पूल नव्हता, ओढ्याला गुडघाभर पानी. भिजत्याल म्हनून काठावरनंच माघारी गेलो. दुसऱ्या दिवशी बी तसाच. तिसऱ्या दिवशी पानी उतरलं तवा आलो. पत्र तुमचं हुतं. कोपरगावचं, भावाचं."

ते पत्र मला पाठ आहे. आई फार आजारी आहे, असशील तशी निघ. मी होते तशी निघाले, एसट्या बदलत कोपरगावला पोचले. आईला आदल्या दिवशीच गोदावरीकाठी नेलेलं होतं.

"ठाव हाय मला," मी म्हणाले.

"कसं?"

"पाकिटामागं गावात पोचल्याचा ठसा हुता. चौथी शिकलेय मी. तारीख वाचता येती."

अण्णांचा चहा बशीतच निवला. बशी खाली ठेवून म्हणाले, "मग येवढी वर्सं बोलला का न्हाई?"

"बोलून आई येनार हुती?"

मी त्यांना माफ केलं, असं कुणी समजू नये. केलेलं नाही. चहा देत आले तो दारी आलेल्या कुणालाही देते म्हणून. सही मात्र केली, आईबापांनी दिलेलं आणि लग्नानंतरचं, सगळं नाव लिहून.

"कलम परत आलं की मीच तुमाला पोलिसात देईन. तवर चपला घाला."

अण्णांनी अर्जाची घडी घातली. पिशवीतून चपला काढल्या आणि अंगणातच पायात सरकवल्या. सवय नसल्याने बदकासारखे चालत ओढ्यापर्यंत गेले. तिथे थांबले. वाकून चपला काढल्या, हातात धरल्या, गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेले आणि काठावर बसून पुन्हा घातल्या.

मी दारातून बघत होते. पत्र आलं त्या दिवशीही एवढंच करायचं होतं.