सिस्टर कांबळेंच्या गाडीचं प्रेशर

सिस्टर कांबळे गाडी चालू करतात आणि लगेच खाली उतरून तिची नाडी बघतात. डावा तळवा बॉनेटवर, उजव्या हातात छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ. पंधरा सेकंद गप्प. या पंधरा सेकंदांत कुणी त्यांच्याशी बोललं, तर त्या पुन्हा पहिल्यापासून मोजतात. आमच्या घोडपदेवच्या गल्लीत मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवत असतात. त्याचा काही उपयोग नाही.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात त्यांची सगळी नोकरी झाली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी घड्याळ अजून छातीवरच. मनगटाला बांधलं तर हात धुताना काढावं लागतं, हे कारण. माझं आणि त्यांचं दार शेजारी-शेजारी. मी दादरच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, दोन मुलांचा बाप आहे. पण लहानपणी मला सगळी इंजेक्शनं त्यांनीच टोचली असल्यामुळे त्यांच्या लेखी मी अजून 'मन्या'.

"लक्षण सांग, रोगाचं नाव सांगू नकोस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बिल्डिंगच्या पाण्याची मोटर बिघडली तेव्हा प्लंबर छाती पुढे काढून म्हणाला, "मोटर जळली. नवीन टाकायला लागेल."

"रोगाचं नाव मी विचारलं नाही. लक्षण काय?"

"पाणी वर चढत नाय."

"कधीपासून? एकदम थांबलं, की हळूहळू? आवाज येतो? कसला? काढून दाखव आवाज."

प्लंबरने बिचाऱ्याने घोग्घोग्घो करून दाखवलं. सिस्टरांनी त्याला टाकीत उतरवलं. पाइपच्या तोंडाशी कुणाचा तरी शाळेचा मोजा अडकला होता.

तर गाडी. दिसायला तुमच्या-आमच्यासारखीच, लाल रंगाची छोटी जुनी गाडी, मागच्या काचेला पडदा, डॅशबोर्डवर बुद्धाची वीतभर मूर्ती. पण तिच्या इंजिनाला टर्बो बसवलेला आहे. टर्बो म्हणजे इंजिनात दामटून हवा भरणारा पंखा. गाडीची ताकद एकदम वाढते. सिग्नल सुटला की बारीक शिट्टी ऐकू येते आणि शेजारचे बाइकवाले पोरगे मान वळवून बघतात, तर आत पांढऱ्या केसांची, उंची पुरावी म्हणून बुडाखाली उशी घेतलेली एक बाई.

हा टर्बो बसवला त्यांच्या धाकट्या भावाने, अनिलने. आईवडील लवकर गेले. सिस्टरांनीच त्याला वाढवलं आणि त्या भानगडीत स्वतःचं लग्न राहून गेलं. अनिलचं रे रोडला गॅरेज होतं. दीड वर्षापूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आता तो चेंबूरला बायकोच्या, सुनीतावहिनींच्या, माहेरी असतो. गॅरेज त्याचा भागीदार इस्माईलभाई बघतो, आणि गाडी ताईकडे आली.

मध्यंतरी गाडी खोकायला लागली. सावकाश चालवली तर ठीक; जोर मागितला, की आचके द्यायची. सिस्टर इस्माईलभाईकडे गेल्या. तो म्हणाला, "सिस्टर, टर्बो निकाल देते हैं. इस उमर में क्या करना है टर्बो का? शांती से चलाओ."

"ऑपरेशन शेवटी," सिस्टर म्हणाल्या. "आधी तपासणी. पेट्रोलचं प्रेशर बघितलंस?"

नव्हतं बघितलं. मग सिस्टरांनी चार-पाच दिवस जाड चष्मा लावून मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, वहीत आकृत्या काढल्या, आणि एका रविवारी सकाळी माझं दार वाजवलं.

"मन्या, चल. प्रेशर मोजायचा गेज बसवायचाय. जुने कपडे घाल."

रे रोडच्या गॅरेजात त्यांनी माझ्या हातात आग विझवायचं लाल नळकांडं दिलं. "तू हे धरून उभं राहायचं. आणि कुणी बिडी ओढत आला तर हाकलायचं."

"पण आपण करतोय काय?"

"टर्बो हवा जास्त भरतो. मग पेट्रोलही तेवढंच जास्त लागतं. हवा भरपूर आणि पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन वितळतात. इंजिन खलास. म्हणून जोरात असताना पेट्रोल पुरतंय का, ते बघायचं."

आधी पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं. नळीत साठलेलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडलं. "प्रेशर असलेल्या नळीला हात लावायचा नाही. रक्तवाहिनी काय, पेट्रोल काय, सारखंच." मग बॅटरीची वायर सोडवली. हातमोजे घातले. नळीखाली फडकं धरून ती कापली, मध्ये इंग्रजी टी अक्षरासारखा जोड घातला, तिन्ही तोंडांना क्लिपा आवळल्या. तिसऱ्या तोंडाला लांब नळी आणि तिच्या टोकाला घड्याळासारखा गोल गेज. इस्माईलभाई बाजूला उभा राहून बघत होता. मधेच तो म्हणाला, "हाथ तो एकदम अनिल जैसा चलता है." सिस्टरांनी पुढची क्लिप दोनदा आवळली.

गेज गाडीच्या आत घ्यायचा मात्र त्यांनी साफ नकार दिला. "पेट्रोलची नळी माणसं बसतात तिथे? आयसीयूतला पेशंट आत, नातेवाईक काचेबाहेर. इथे उलटं." गेज पुढच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीने चिकटवला, आकडे आमच्याकडे तोंड करून. मग फ्यूज, बॅटरी परत लावून तीनदा चावी फिरवली, प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून हुंगला. कोरडा.

"बस. तू आकडे वाचायचे. मी रस्ता बघणार."

आम्ही सिग्नल नसलेल्या फ्रीवेला लागलो. काटा तीनवर होता.

"वाच!"

"तीन... तीन..."

सिस्टरांनी पाय दाबला. शिट्टी वाजली, माझी पाठ सीटला चिकटली.

"वाच!"

"सव्वातीन... तीन... अडीच... सिस्टर, दोन! दोन!"

गाडीने आचका दिला तसा त्यांनी पाय उचलला. चेहऱ्यावर मात्र लॉटरी लागल्यासारखा आनंद. "सापडलं! वर जायच्या ऐवजी खाली येतंय. उपाशी आहे बिचारी."

गॅरेजात परत. इस्माईलभाईने पंप नवा आहे अशी शपथ घेतली. मग उरला पेट्रोलचा फिल्टर. तो काढून उलटा केला तर आतून कॉफीसारखा काळा गाळ. इस्माईलभाईने कानाला हात लावला. नवा फिल्टर बसवून आम्ही पुन्हा फ्रीवेला.

"वाच!"

"तीन... सव्वातीन... साडेतीन... साडेतीनच! हलत नाही!"

वेगाचा काटा ऐंशीला लागला आणि सिस्टरांनी वेग तिथेच धरला. ऐंशीच्या वर जायला तिथे परवानगी नाही. परतीसाठी जिथे उतरायला हवं होतं तो रस्ता मागे गेला, तरी त्या सरळच.

"सिस्टर, कुठे?"

"चेंबूरला. अनिलकडे." त्यांनी एक टॅक्सी मागे टाकली. मग म्हणाल्या, "दर रविवारी जाते. गेले तीन रविवार गेले नाही. सुनीताला फोनवर सांगितलं, पाहुणे आलेत. खोटं बोलले."

"मग टॅक्सीने जायचं ना!"

"टॅक्सीने गेले तर तो बाहेर बघत बसणार, गाडी कुठाय म्हणून. आणि खोकणारी गाडी घेऊन गेले असते तर लांबूनच ऐकलं असतं त्याने. काही करता येत नाही, सांगता येत नाही. नुसता तळमळत बसला असता."

तळमजल्याच्या घरासमोर गाडी थांबली. अनिल गॅलरीत खुर्चीवर बसलेला होता. सुनीतावहिनी बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तिन्ही रविवार सकाळपासून इथेच बसून होते हो, ताई." सिस्टरांनी मान खाली घातली.

अनिल डाव्या हाताने काठी टेकत, वहिनींच्या आधाराने आला. मला बघून म्हणाला, "चालेल." त्याच्यापाशी तेवढा एकच शब्द उरलाय, वहिनी म्हणाल्या, हो, नाही, भूक लागली, सगळ्याला चालेल. त्याने इंजिनचा आवाज ऐकला. मान डोलावली. मग काचेवरचा गेज दिसला, आणि त्याने काठीने बॉनेट ठोकलं. उघडा.

सिस्टरांनी बॉनेट उघडलं. अनिल वाकला. बघता बघता त्याचा चेहरा लाल झाला.

"चालेल!" तो ओरडला. "चालेल! चालेल!"

काठीचं टोक गेजच्या नळीकडे. ती खाली घसरून टर्बोच्या तापलेल्या अंगापासून जेमतेम बोटभर अंतरावर आली होती. थोडी आणखी घसरली असती, तर वितळून पेट्रोल त्यावरच सांडलं असतं. अनिलने काठी जमिनीवर आपटली. आख्ख्या सर्जरी वॉर्डाला ज्यांनी धाकात ठेवलं, त्या सिस्टर शाळेतल्या पोरीसारख्या उभं राहून बोलणी खात होत्या.

"दीड वर्षात पहिल्यांदा कुणावर चिडलेत," वहिनी माझ्या कानात म्हणाल्या.

सिस्टरांनी इंजिन बंद केलं, थोडं निवू दिलं, मग नळी वरून वळवून पट्टीने बांधली. अनिलने ती दोन बोटांनी ओढून बघितली आणि शांत झाला. सिस्टर मात्र बॉनेटखालून डोकं बाहेर काढायला तयार नव्हत्या. पदराने तोंड पुसत त्या एकेक नळी, एकेक क्लिप त्याच्यापुढे धरत होत्या आणि विचारत होत्या, "अजून? अजून काय चुकलंय, दाखव ना रे."